आकडा आलाय का?

कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या छोट्या पडद्यावर प्रश्न उमटला, 'नवीन अपडेट आलं आहे. करायचं का?' आणि हलूनकाने फारसा विचार न करता 'हो' दाबलं.

एरवी कुठल्याही यंत्राला असं पटकन हो म्हणायचा त्याचा स्वभाव नव्हता. पण त्या दिवशी सकाळपासून त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. स्टुडिओत गिऱ्हाईक नाही, फोन नाही, शेजारचा शिंपी मशिनमध्ये मान घालून बसलेला. अशात कुणीतरी आपणहून, इतक्या अदबीने, 'करायचं का?' म्हणून विचारतंय, तर त्याला नाही कसं म्हणायचं?

हलूनका हे अर्थातच त्याचं जन्मनाव नव्हतं. उभं आयुष्य कॅमेऱ्यामागे वाकून तो लोकांना 'हलू नका' म्हणत आला, तेव्हा गल्लीने तेच नाव त्याला लावून टाकलं. पूर्वी स्टुडिओत दोघं होते. दुसरा दिव्याशेजारी उभा राहून गिऱ्हाइकाला म्हणायचा, 'अहो, हसा की!' त्याचं नाव पडलं हसाकी. नव्या माणसाला ही एखादी परदेशी कॅमेरा कंपनी वाटायची आणि हसाकीही ते खुशाल वाटू द्यायचा.

ही भागीदारी मोडली ती एका लग्नात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दोघांनी जीव तोडून फोटो काढले आणि नवरा-नवरी गाडीत बसायच्या वेळी लक्षात आलं, की कॅमेऱ्यात कार्डच नाही. "कार्ड तू घातलं असशील असं मला वाटलं," हलूनका म्हणाला. "मला वाटलं तू," हसाकी म्हणाला. भांडण म्हणायचं तर एवढंच. पण हीच दोन वाक्यं त्यांनी चढत्या आवाजात इतक्या वेळा म्हटली, की अखेर नवरीच्या वडिलांनी मध्ये पडून दोघांची समजूत घातली. त्यात आपलं काय गेलंय, हे त्या बिचाऱ्याला समजूत घालून झाल्यावर कळलं.

वाटणीत कॅमेरा हलूनकाकडे राहिला. हसाकीने दुकानावरची पाटी उतरवून नेली. तिचा त्याला काडीचा उपयोग नव्हता. ती हलूनकाला मिळणार नाही, एवढाच काय तो उपयोग.

त्याला आता दोन वर्षं होऊन गेली होती. हलूनका स्टुडिओच्या मागच्या खोलीत एकटा राहायचा. त्याचं लग्न राहूनच गेलं होतं. लग्नाच्या मोसमात तो दुसऱ्यांच्या लग्नांत अडकलेला असे आणि मोसम संपला की लग्नाचा विषयच निघत नसे. दूध, पाव आणि साखर तो एका खेपेत कधी आणत नसे. तीन खेपा केल्या की दुकानदाराशी तीनदा बोलणं होतं.

अपडेट झालं. कॅमेऱ्याने 'धन्यवाद' म्हटलं. हलूनकाने मनातल्या मनात 'असू दे' म्हटलं आणि बॅग खांद्याला लावून तो कामावर निघाला.

काम साधं होतं. एका आजींचा नव्वदावा वाढदिवस. मुलं, सुना, मुली, जावई, नातवंडं, पतवंडं असा सगळा गोतावळा कुठून कुठून गोळा झाला होता आणि आठवड्याअखेरीस पुन्हा पांगणार होता. या सगळ्याचं व्यवस्थापन मधल्या सुनेकडे होतं. तिच्या एका हातात पाहुण्यांची औषधं आणि दुसऱ्या हातात फोन होता.

"काका, फोटो चुकायला नकोत हं," तिने हलूनकाला बाजूला घेऊन सांगितलं. "हे सगळे पुन्हा एका खोलीत येतील असं मला वाटत नाही. आजही कसे आलेत, माझं मला माहीत."

"फोटो माझ्याकडे लागले," हलूनका म्हणाला आणि कॅमेऱ्यात कार्ड आहे ना, हे त्याने तीनदा उघडून पाहिलं.

फोटो त्याने नेहमीप्रमाणे रॉमध्ये काढले. रॉ म्हणजे कच्चा फोटो. कॅमेऱ्याला जे दिसलं ते सगळंच्या सगळं, न शिजवता साठवलेलं. नंतर कॉम्प्युटरवर बसून त्यातली सावली उचलायची, उजेड दाबायचा, चेहऱ्यांचा रंग नीट करायचा. शिंप्याला त्याने एकदा समजावलं होतं, "तयार फोटो म्हणजे रेडीमेड शर्ट. रॉ म्हणजे अख्खं कापड. हवं तसं बेता." शिंप्याला ते इतकं पटलं, की त्याने त्या आठवड्यात रेडीमेड शर्ट घालणाऱ्या मेहुण्याशी बोलणं टाकलं.

स्टुडिओत परतल्यावर हलूनकाने कार्ड कॉम्प्युटरला लावलं आणि आपलं जुनं, हाताला बसलेलं सॉफ्टवेअर उघडलं. सॉफ्टवेअरने आजींकडे पाहिलं आणि कानांवर हात ठेवले. 'ही फाइल ओळखता येत नाही.'

"अरे, कालपर्यंत तर ओळखत होतास," हलूनका म्हणाला.

त्याने कार्ड काढून पुसून पुन्हा लावलं. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. काही फरक पडेना. कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर सगळे फोटो मजेत दिसत होते. कॉम्प्युटरवर मात्र एकही उघडेना. शेवटी त्याने कॅमेरा कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला. बरीच गाणी ऐकवून झाल्यावर एक गोड आवाजाची बाई आली.

"सर, अपडेटनंतर आपल्या कच्च्या फाइल्स आता अधिक सुरक्षित झाल्या आहेत."

"कुणापासून?"

"इतर कंपन्यांच्या सॉफ्टवेअरपासून, सर. त्या आता फक्त आमच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडतील."

"पण फोटो कुणाचे आहेत?"

"आपलेच, सर."

"मी काढले?"

"आपणच काढलेत, सर."

"मग मला बघता का येत नाहीत?"

"सर, फोटो आपले आहेत. बघणं आमच्याकडे आहे."

"जुनं होतं तसं करता येईल का? ते अपडेट परत काढून घ्या."

"सॉरी सर, तशी सोय नाही. मी आपली आणखी काही मदत करू शकते का?"

अजून कुठलीच मदत झालेली नसताना 'आणखी' हा शब्द हलूनकाला लागला. पण बाईंचा आवाज खरोखरच गोड होता आणि दिवसभरात एवढं मोठं बोलणं दुसऱ्या कुणाशी झालेलं नव्हतं. त्याने तिचे आभार मानले आणि कंपनीचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं.

सॉफ्टवेअरने कॅमेऱ्याचा सीरियल नंबर मागितला. त्याने दिला. 'हा कॅमेरा आधीच नोंदलेला आहे. नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे,' असं उत्तर आलं. खाली तो मोबाइल नंबर होता. बराचसा फुल्या मारून झाकलेला, शेवटचे दोन आकडे तेवढे उघडे. सात, सात.

हलूनका खुर्चीत मागे रेलला. कॅमेरा घेतला त्या दिवशी नोंदणीचं काम हसाकीने केलं होतं. असलं मोबाइलचं काम नेहमी त्याच्याकडेच असायचं. आपल्या नंबरच्या शेवटी दोन सत्ते आहेत याचा हसाकीला भारी अभिमान होता. हलूनकाने तो नंबर फोनमधून केव्हाच काढून टाकला होता. डोक्यातून काढायचं मात्र जमलं नव्हतं.

हसाकीला फोन करायचा नाही, एवढं नक्की होतं. मग दुसरा काहीतरी मार्ग काढणं आलं, आणि हलूनकाने तो काढला. त्याने कॅमेरा टेबलावर उभा केला, त्याच्या पडद्यावर आजींचा फोटो आणला आणि त्या पडद्याचा आपल्या मोबाइलने फोटो काढला. असे बरेच काढून त्याने ते मधल्या सुनेला पाठवले आणि सोबत लिहिलं, 'हे नुसते बघायला. चांगले मागून देतो.'

थोड्याच वेळात तिचा फोन आला.

"काका, फोटो मिळाले. एक विचारू का? आजींच्या मागे ते कोण उभे आहेत?"

"भिंत असेल."

"भिंतीला कपाळ नसतं, काका."

हलूनकाने फोटो मोठा करून पाहिला. कॅमेऱ्याच्या काचेवर त्याच्या स्वतःच्या चेहऱ्याची सावली पडली होती. आजींच्या खुर्चीमागे, बरोबर दोन मुलांच्या मध्ये, एक धूसर टक्कल तरंगत होतं आणि त्याभोवती ट्यूबलाइटचं वलय पसरलं होतं.

"थोरले भावजी म्हणतात, हे आमचे सासरे आहेत," मधली सून दबक्या आवाजात म्हणाली.

"असतील ना. घरचंच कार्य."

"काका, त्यांना जाऊन बारा वर्षं झाली!"

हलूनकाने नकळत आपल्या टकलावरून हात फिरवला.

"माझ्या दोन्ही नणंदा रडतायत. थोरले भावजी म्हणतात, बाबा आशीर्वाद द्यायला आले. तो फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावायचा असं ठरलंय."

"आजी काय म्हणतात?"

"आजींनी नीट निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, ह्यांना एवढं टक्कल नव्हतं. तर भावजी म्हणाले, आई, तिकडे गेल्यावर केस कुठले राहतात!"

"अहो, तो मी आहे."

"काय?"

"ते टक्कल माझं आहे. काचेत पडलंय."

मग ती म्हणाली, "काका, तुम्ही आमच्या फॅमिली फोटोत कशाला आलात?"

"उद्यापर्यंत खरे फोटो देतो," तो कसाबसा म्हणाला.

"नक्की द्या. तोवर मी भावजींना काही सांगत नाही. त्यांना आत्ताच कुठे बरं वाटायला लागलंय."

फोन ठेवल्यावर हलूनका तो फोटो बघत बसला. दोन्ही बाजूंना मुलं-सुना, पुढे नातवंडं आणि मधोमध तो. आजवर किती कुटुंबं त्याने चौकटीत बसवली असतील, याची गणती नव्हती. उंच माणसांना मागे, बुटक्यांना पुढे, रुसलेल्यांना एका कडेला. पण स्वतः असा कुणाच्या घरातल्यासारखा मधोमध तो पहिल्यांदाच उभा होता. फोटो पुसून टाकायला त्याने अंगठा उचलला होता, तो परत खाली घेतला.

मग त्याने नवा ओटीपी मागवला, घसा साफ केला आणि दोन सत्त्यांवर संपणारा नंबर लावला. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"हॅलो, कोण?"

"मी."

"मी कोण?"

"मी रे... मी."

पलीकडचा टीव्हीचा आवाज बंद झाला. "अच्छा," हसाकी म्हणाला. "तू."

"हो. तुझ्या फोनवर ओटीपी आलाय का एक?"

"दोन वर्षांनी फोन केलास, तो हे विचारायला?"

"घाई आहे रे. नाहीतर केला नसता."

"माणसाने आधी बरा आहेस का विचारावं."

"बरा आहेस का?"

"नाही. गुडघा गेलाय. डावा. आधी नुसता जिना चढताना दुखायचा. मग डॉक्टरकडे गेलो तर डॉक्टर म्हणतो, वजन कमी करा. मी म्हटलं, अहो, वजन काय आज वाढलंय? तेव्हा कुठे गुडघा दुखत होता? तर तो म्हणतो..."

गुडघ्याची हकीकत संपेपर्यंत ओटीपीची मुदत संपली. हलूनकाने पुन्हा मागवला.

"आता आला बघ दुसरा. ओटीपी म्हणजे हा आकडाच ना? मग सरळ आकडा म्हण की. थांब, चष्मा कुठे गेला? इथेच तर ठेवला होता. सूनबाईने आवरलं असेल. आमच्याकडे वस्तू जागेवर ठेवल्या की सापडत नाहीत."

"लवकर कर, मुदत जाते."

"ओरडू नकोस. तुझ्यासाठीच शोधतोय. हां, डोळ्यांवरच आहे. मग दिसत का नाही? अरे, हा लांबचा आहे. जवळचा वेगळा."

तीही मुदत गेली. तिसऱ्या खेपेला हसाकीने आकडा वाचला, पण इतका भरभर, की हलूनकाला मधला एक अंक ऐकूच आला नाही.

"सावकाश सांग ना!"

"सावकाश सांगितला की मुदत जाते म्हणतोस, भरभर सांगितला की ऐकू येत नाही म्हणतोस. कान दाखवलेस का कुणाला?"

चौथा आकडा बसला. पडद्यावर आजी उघडल्या. झगझगीत, स्वच्छ, मागे टक्कल नसलेल्या.

"बसला," हलूनका म्हणाला.

"बसला? बरं," हसाकी म्हणाला. दोघांपैकी कुणीच फोन ठेवेना. मग हसाकी म्हणाला, "चल, मी जरा कामात आहे." आणि फोन बंद झाला.

एवढ्यावर प्रकरण मिटायचं. पण कंपनीच्या सॉफ्टवेअरला संशयी नवऱ्याचा स्वभाव होता. हलूनका चहा टाकायला आत गेला, तेवढ्यात 'बराच वेळ हालचाल नाही' म्हणून त्याला बाहेर काढून सॉफ्टवेअरने दार लावून घेतलं. जन्मभर लोकांना हलू नका म्हणणाऱ्या माणसाला न हलल्याबद्दल मिळालेली ही पहिली शिक्षा होती. पुन्हा ओटीपी, पुन्हा सात-सात.

"आकडा आलाय का?"

"आत्ताच तर दिला होता!"

"चहा करायला गेलो होतो."

"साखर अजून तेवढीच घालतोस?"

त्या दिवशी असे कितीतरी फोन झाले. पोस्टमन आला, फोन. डोळे चुरचुरायला लागले म्हणून मिटले, फोन. हसाकी दर वेळी म्हणायचा, "मी कामात आहे," आणि दर वेळी पहिल्याच रिंगला फोन उचलायचा. त्याचा मुलगा आणि सून दोघंही कामावर जायचे, नातू शाळेत. मागे घड्याळाच्या टिकटिकीखेरीज काही ऐकू यायचं नाही. हलूनका मुकाट्याने आकडा लिहून घ्यायचा. त्याच्याही खोलीत घड्याळच वाजत होतं.

या सगळ्याचा एक वेगळाच परिणाम झाला. स्टुडिओ आणि शिंप्याचं दुकान यांच्यामध्ये नुसती फळ्यांची भिंत होती. पलीकडून शिंप्याला दिवसभर एवढंच ऐकू येत होतं : 'आकडा सांग लवकर', 'गेला रे, हाही गेला', 'बसला! बसला एकदाचा!' दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपी टेप गळ्यात अडकवून आत आला आणि दार लोटून घेऊन म्हणाला,

"काका, आपण एवढे शेजारी. आपल्यात लपवाछपवी नको."

"कसली?"

"कुठल्या आकड्यावर लावताय तेवढं सांगा. मी कुणाला बोलणार नाही."

हलूनकाने त्याला कॅमेरा, अपडेट, कंपनी, ओटीपी सगळं समजावून सांगितलं. शिंप्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "म्हणजे कापड तुमचं, बेतलंत तुम्ही, आणि कात्री कुणाची हे कापडवाला ठरवणार?" त्याने विचारलं.

"तेच."

"काका, नसेल सांगायचं तर सांगू नका. पण निदान पटेल असं तरी सांगत जा," असं म्हणून शिंपी दुखावून निघून गेला. दुपारपर्यंत हलूनका सट्टा खेळतो आणि त्याला भलताच फायदा होतो, ही बातमी कोपऱ्यावरच्या न्हाव्यापर्यंत पोचली. संध्याकाळी दूध घ्यायला गेला तेव्हा दुकानदाराने त्याला बसायला स्टूल दिलं.

फोटोंचं काम मात्र पुढे सरकेना. मुदतीपायी नव्हे. हलूनका एकेक फोटो उघडून बघत होता आणि त्याला काहीतरी बोचत होतं. फोटो चोख होते. एकही माणूस हललेला नव्हता, एकही डोळा मिटलेला नव्हता. पण नव्वदीच्या आनंदाला जमलेली ती माणसं डॉक्टरच्या दारात नंबर लावून बसल्यासारखी दिसत होती.

"कसे आलेत?" पुढचा आकडा देऊन झाल्यावर हसाकीने विचारलं.

"चांगले आलेत. कोणी हललं नाही."

"हसलं का कोणी?"

हलूनकाने पुढचा फोटो उघडला, मग त्याच्या पुढचा.

"मला वाटलंच," हसाकी म्हणाला. पण टोमणा मारल्यासारखं नाही, तर हळूच म्हणाला. "सगळे बघितलेस? शेवटपर्यंत?"

"शेवटचे चार-पाच राहिलेत."

"बघ बघ. मी आहे लाइनवर."

शेवटून दुसरा फोटो उघडला तेव्हा हलूनकाच्या लक्षात आलं, की हा त्याने काढलेलाच नव्हता. निघायच्या वेळी दिव्याच्या वायरीत पाय अडकून तो सपशेल खाली बसला होता. कॅमेरा वाचवताना बटण दाबलं गेलं होतं. फोटो तिरका होता, कोपऱ्यात पडद्याचं टोक आलं होतं. पण त्यात आजी खुर्चीतून पुढे वाकून खळखळून हसत होत्या, थोरल्या मुलाने तोंडावर हात धरला होता, नणंदा एकमेकींच्या खांद्यावर कोसळल्या होत्या आणि मधल्या सुनेने त्या दिवसात पहिल्यांदाच दोन्ही हातांतल्या वस्तू खाली ठेवून पोट धरलं होतं.

"सगळे हसतायत," हलूनका म्हणाला.

"कशाने?"

"मी पडलो होतो."

पलीकडे हसाकी जो हसत सुटला, तो थांबेचना. हसता हसता त्याला खोकला आला, खोकता खोकता तो पुन्हा हसला. "पडलास? अरे, मी इतकी वर्षं घसा फोडून हसा की, हसा की म्हणत होतो. मला आधी सांगायचं ना, तुला ढकललं की काम होतं म्हणून!"

हलूनकालाही हसू आलं. स्टुडिओत त्याचं स्वतःचं हसणं त्याला इतकं अनोळखी वाटलं, की त्याने दाराकडे वळून पाहिलं. कुणी आलं की काय?

तेवढ्यात सॉफ्टवेअरने त्याला बाहेर काढलं. हसण्याच्या नादात माऊस हललाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी, कबूल केल्यापेक्षा एक दिवस उशिरा, प्रिंट घेऊन तो आजींच्या घरी गेला. गोतावळा सामान बांधत होता. तिरका फोटो हातोहात फिरला आणि सगळे पुन्हा एकदा हसले. थोरल्या भावजींना टकलाचा खुलासा मधल्या सुनेने आदल्याच दिवशी कसाबसा केला होता. ते जरा हिरमुसले होते. "तरी ते वलय कशाचं?" एवढंच त्यांनी हलूनकाला विचारलं. "ट्यूबलाइट," हलूनका ओशाळून म्हणाला. "मी तो धूसर फोटो तुमच्या सगळ्यांच्या फोनमधून पुसून देतो. माझ्या चुकीने आला."

आजींनी दोन्ही फोटो मांडीवर घेतले होते. त्यांनी एकदा धूसर फोटोतल्या कपाळाकडे बघितलं, एकदा हलूनकाच्या.

"हा तूच होय रे?"

"हो आजी."

"घरी कोण कोण असतं तुझ्या?"

"मीच."

"मग राहू दे की," आजी म्हणाल्या. "एवढ्या माणसांत एक जास्त झाला म्हणून काय बिघडलं? सूनबाई, हा पण लाव भिंतीला."

हलूनकाने बॅगेचा पट्टा दोनदा उगीचच बांधला-सोडला आणि तो निघाला. वाटेत पहिल्यांदा मनात आलं, की हे हसाकीला सांगितलं पाहिजे. पण सांगायला निमित्त काय? काम तर संपलं होतं. आकडा लागत नव्हता.

निमित्त मात्र मिळत गेलं. पासपोर्टचे फोटो, एका पतपेढीच्या पदाधिकाऱ्यांचे फोटो, शिंप्याच्या नव्या कोटाचा फोटो. काम आलं की आकडा आलाच. पुढे पुढे तर हलूनका गिऱ्हाईक नसलं तरी स्टुडिओतल्या रिकाम्या स्टुलाचे रॉमध्ये फोटो काढायचा आणि ते उघडायला बसायचा. हसाकीला त्याने आजींची गोष्ट सांगितली, न्हाव्याची सांगितली. हसाकीने पाटीची सांगितली. ती त्याने पलंगाखाली ठेवली होती आणि सूनबाई दर आठवड्याला ती टाकून द्यायला निघायची. "एकदा ये इकडे," हलूनका म्हणायचा. "गुडघा जरा वळू दे," हसाकी म्हणायचा.

आणि मग एके दिवशी कस्टमर केअरच्या गोड आवाजाच्या बाईंचा फोन आला.

"अभिनंदन सर! आपले ओटीपी दुसऱ्याच नंबरवर जात आहेत, याची आम्ही दखल घेतली आहे. आमच्याकडच्या बिलावर आपलं नाव असल्यामुळे कॅमेऱ्याची नोंदणी आता आपल्या नंबरवर केली आहे. यापुढे ओटीपी थेट आपल्यालाच येईल."

हलूनकाला आनंद व्हायला हवा होता. "आधीच्या नंबरचं काय?" त्याने विचारलं.

"तो आम्ही काढून टाकला आहे, सर. त्यांना आता कुठलाच त्रास होणार नाही."

"त्यांना कळवलंत का?"

"नाही सर, तशी पद्धत नाही. मी आपली आणखी काही मदत करू शकते का?"

"नको," हलूनका म्हणाला. "खूप झाली."

त्या दिवशी तो कॉम्प्युटरपाशी बसला. सॉफ्टवेअर उघडलं. खिशातला फोन टिंग वाजला. त्याने तो काढून पाहिला. सहा आकडे, ठसठशीत, नऊने सुरू होणारे. टाकायचे आणि आत जायचं. चष्मा शोधायला नको, गुडघ्याची चौकशी नको, कुणाची मिनतवारी नको. बाहेर शिंप्याचं मशीन थांबलं होतं. खोली अगदी चिडीचूप होती.

त्याने बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहिलं. मग फोन कानाला लावला. आज हसाकी म्हणेल, आला नाही. आपण म्हणू, येईल, नेटवर्क नसेल, थांब जरा लाइनवर. तेवढीच पाच-दहा मिनिटं. उद्याचं उद्या बघू.

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"आकडा आलाय का रे?" हलूनकाने विचारलं.

पलीकडे खुर्ची करकरली.

"थांब," हसाकी म्हणाला. "जवळचा चष्मा लावतो. हां. आलाय ना. घे लिहून. चार... एक..." त्याने थोडा विचार केल्यासारखं केलं. "आठ. आठ. दोन. आणि... पाच. घेतलास?"

हलूनकाच्या हातातलं पेन तसंच राहिलं. त्याने आपल्या फोनवरचा नऊने सुरू होणारा आकडा पुन्हा पाहिला. मग कागदावर सावकाश, सुवाच्य अक्षरात चार, एक, आठ, आठ, दोन, पाच लिहिलं.

"घेतला," तो म्हणाला.

"टाकून बघ. नाही बसला तर परत फोन कर. मी आहेच."

"बसला."

"बसला?" हसाकीचा आवाज चाचरला. "पहिल्या फटक्यात?"

"पहिल्या फटक्यात."

दोन्हीकडची घड्याळं वाजत राहिली. हसाकीने खाकरून घसा मोकळा केला.

"उद्याही लागेल का रे?"

"लागेल. आता रोजच लागणार बहुतेक."

"या कंपन्या फार माजल्यात बघ."

"फारच," हलूनका म्हणाला आणि खुर्ची पुढे ओढून ऐसपैस बसला. "बरं, गुडघा काय म्हणतोय?"